समोरचा भला माणूस

बुद्धिबळाच्या कोड्याखाली लिहिलेलं असतं, 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात'. म्हणजे मात आहे याची लेखी हमी. मग आपण चहाचा कप बाजूला सारतो आणि वजीर, हत्ती, जे किमती दिसेल ते बेधडक कापून द्यायला लागतो. थोड्या खटपटीनं मात निघतेच. मोबाईल हिरवी खूण दाखवतो. आपल्यात काहीतरी दैवी असावं अशी शंका यायला लागते, आणि त्या शंकेपायी माणूस प्रवेश फी भरून रविवारच्या रॅपिड, म्हणजे झटपट डावांच्या, स्पर्धेत नाव घालतो.

तिथे पटाखाली काहीही लिहिलेलं नसतं.

स्पर्धा डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयात होती. जेवणावळीची लांब टेबलं, त्यांवर गुंडाळी करून आणलेले पट, आणि दाराबाहेर डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन ताटकळलेले पालक. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून तर अशा ठिकाणी चपला काढायलाही जागा मिळत नाही. माझ्यासमोर जो गृहस्थ आला, त्याचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नव्हते. चाल करायची, घड्याळ दाबायचं आणि शेजारच्या पटावर काय चाललंय ते बघायला निघून जायचं, अशी त्याची पद्धत. मी मात्र दोन्ही कोपरं टेबलावर रोवून 'कॅलक्युलेशन' करत होतो.

हे कॅलक्युलेशन म्हणजे 'मी असा, मग तो असा, मग मी असा'. यातला 'मी' खरा असतो. 'तो' आपण घरून बनवून आणलेला असतो, आणि हा घरचा 'तो' भलताच भला माणूस. प्यादं पुढे केलं की निमूटपणे घेतो. हत्तीवर हल्ला केला की आपल्याला सोयीच्या घरात तो नेऊन ठेवतो. मुलीच्या लग्नातल्या बापासारखा, आपण म्हणू त्याला मान डोलावत उभा. अशा माणसाविरुद्ध मी आठ-आठ चाली पुढचं बघू शकतो. अगदी मातेपर्यंत.

मोठमोठ्यांनी या भल्या माणसाच्या जिवावर दिवस काढले आहेत. अठराव्या शतकात पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये लेगाल नावाचे एक उस्ताद खेळायचे. त्यांच्या नावानं आजही ओळखला जाणारा सापळा असा, की आपला वजीर उघडा टाकायचा आणि समोरच्यानं हावरटासारखा तो खाल्ला की उंट आणि घोड्यांनी राजाला गाठायचं. समोरच्यानं खाल्लाच नाही तर मात राहिली बाजूला. पण लोक खातात. वजीर समोर आला की भल्याभल्यांची बुद्धी पोटात जाते.

उलट प्रकारही असतो, तो जास्त वाईट. १९९७ साली न्यूयॉर्कला जगज्जेत्या कास्पारोव्हनं डीप ब्लू या संगणकाविरुद्धचा दुसरा डाव सोडून दिला. यंत्र आहे, त्यानं सगळं पाहिलंच असणार, असा हिशेब. लगेचच विश्लेषकांनी सांगितलं, अहो, शह देत राहून बरोबरी निघत होती की! म्हणजे समोरच्याला बावळट समजावं तरी पंचाईत, सर्वज्ञ समजावं तरी पंचाईत. आणि २००६ साली बॉनमध्ये तर कहर झाला. जगज्जेता क्राम्निक डीप फ्रिट्झ या संगणक प्रोग्रॅमशी वजिरावजिरी करायला निघाला, चाल करून शांतपणे आपला कप उचलून उठलासुद्धा, आणि तिकडे एच-७ या घरावर एका चालीत मात उभी होती. एका! हा प्रसंग मला तोंडपाठ आहे. हरल्यावर घरी सांगायला फार उपयोगी पडतो.

यावर उपाय म्हणून सोव्हिएत ग्रँडमास्टर कोतोव्ह यांनी शिस्त घालून दिली. आधी विचारात घ्यायच्या चाली ठरवा, मग त्या चालींच्या झाडाची एकेक फांदी तपासा, आणि एका फांदीवर एकदाच चढा. प्रत्यक्षात काय होतं तेही त्यांनीच लिहून ठेवलंय. माणूस या फांदीवरून त्या फांदीवर, तिथून परत पहिलीवर उड्या मारत बसतो, मग घड्याळाकडे लक्ष जातं, आणि घाईघाईत अशी तिसरीच चाल करतो जिचा त्यानं क्षणभरही विचार केलेला नसतो. इतकं नेमकं वर्णन करणारा माणूस माझ्या घरात कधी येऊन गेला, कळायला मार्ग नाही.

त्या दिवशी मात्र मी एकाच फांदीवर ठाण मांडून होतो. पोराच्या हत्तीवर माझा हल्ला होता. तो हत्ती हलवणार, मग मी घोडा आत घालणार, मग त्याचं प्यादं पडणार. 'काका, तुमची चाल झाली का?' असं विचारत तो खुर्चीवर चढला, पटाकडे पाहिलं, आणि हत्तीला तसाच मरायला सोडून वजीर सी-४ वर आणला. शह. मध्ये घालायला माझ्याकडे काही नव्हतं. राजा एफ-८ वर नेला तर एफ-७ वर वजीर येऊन तिथेच खलास, म्हणून कोपऱ्यात गेलो. घोडा एफ-७, शह. परत जी-८. घोडा एच-६ वर, आणि आता घोड्याचाही शह, मागून वजिराचाही. पुन्हा कोपरा. मग त्यानं वजीर उचलून थेट माझ्या राजाच्या शेजारी, जी-८ वर ठेवला.

मला त्या लेकराची दया आली. डाव चालू असताना बोलायला बंदी, नाहीतर 'बाळा, नीट बघ' असं म्हणालोही असतो. मी जड अंतःकरणानं हत्तीनं वजीर घेतला. तसंही दुसरं काही करायची सोय नव्हती. घोडा परत एफ-७. एका बाजूला माझाच हत्ती, समोर माझीच दोन प्यादी, आणि मध्ये अंग चोरून माझा राजा. फिलिडोर या जुन्या फ्रेंच उस्तादाचं नाव चिकटलेली ही मात ल्युसेना नावाच्या स्पॅनिश गृहस्थाच्या १४९७ च्या सुमाराच्या पुस्तकातही आहे. पाचशे वर्षं लोकांना माहीत असलेली गोष्ट पोरानं मला नव्यानं दाखवली.

'तू हत्ती का नाही वाचवलास?' मी नंतर विचारलं.

'वाचवून काय करू? शह दिला की तुम्हाला दुसरं काही खेळताच येत नाही ना.'

म्हणजे हा मनातल्या मनात कुणाच्या भलेपणावर विसंबतच नव्हता. समोरच्याला निवडच ठेवायची नाही, एवढाच त्याचा हिशेब. मी त्याच्याशी हस्तांदोलन केलं, निकालाच्या चिठ्ठीवर सही केली आणि बाहेर वडापाव खाऊन आलो, तोवर पुढच्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या होत्या.

माझ्या टेबलावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी आधीच येऊन मोहरे सरळ करत बसली होती. मला निरखून बघत म्हणाली, 'काका, मघाशी माझ्या दादाकडून हरलात ते तुम्हीच ना?'