गळती वरच्या मजल्याची, घाम माझा

स्पॅनिश शिकताना वाटलेलं की आपण कविता ट्रान्सलेट करू, गेलाबाजार टुरिझमची ब्रोशर्स. नशिबी आले कोर्टाचे निकाल, स्पॅनिशमधून इंग्लिशमध्ये करायचे. परवाचाच घ्या, स्पेनमधला, आणि भांडण काय, तर वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्याच्या सीलिंगवर गळती. म्हणजे आपल्या सोसायटीच्या मीटिंगचंच रडगाणं, फक्त फुलस्टॉप न देता पानभर चालणारं.

अवघड शब्द परवडले हो, ते डिक्शनरीत सापडतात. घात करतात ते ओळखीचे दिसणारे. 'आक्तोर' म्हणजे दावा लावणारा, आपला वादी, तिथे ॲक्टर लिहिलं की गळतीच्या केसमध्ये हिरो घुसतो. 'सेन्तेन्थिया' दिसलं की बोटं आपोआप सेंटेन्स, म्हणजे शिक्षा, टाइप करतात, पण ते जजमेंट, नाहीतर नळाच्या वॉशरपायी शेजारी जेलमध्ये. 'माहिस्त्रादो' तर कहर! इंग्लंडात मॅजिस्ट्रेट म्हणजे बिनपगारी, कायद्याची डिग्री नसली तरी चालणारा, आणि स्पेनमध्ये हा साध्या जजच्या वरचा. मॅजिस्ट्रेट लिहून त्याचं परस्पर डिमोशन करणारी मी कोण?

आणि तो प्रोकुरादोर. बाजू मांडणारा वकील वेगळा, हा वेगळा, हा पक्षकाराच्या वतीने कागद दाखल करणार, नोटिसा घेणार. इंग्लिशमध्ये नेमका असा प्राणीच नाही. सॉलिसिटर लिहिलं तर रिव्ह्यूअर लाल करतो, तसंच ठेवलं तर क्लायंट विचारतो "हे ट्रान्सलेट करायचं राहिलं का", आणि कंसात खुलासा दिला तर एजन्सी म्हणते, मॅडम, रेट मूळ शब्दांवर आहे, कंसाचे पैसे नाहीत.

बरं, एवढं पाठ होईतो स्पेन नावंच बदलतं. 2015 मध्ये कोर्टाच्या 'सेक्रेतारियो हुदिथियाल' या अधिकाऱ्याचं बारसं करून 'लेत्रादो दे ला आदमिनिस्त्राथिओन दे हुस्तिथिया' केलं, पाटी केवढी लागत असेल देव जाणे. 2025 च्या कायद्याने तर खालची कोर्टं, म्हणजे 'हुथगादो', मोडून त्यांच्या जागी 'त्रिबुनाल दे इन्स्तान्थिया' आणले आणि माझी जिवापाड जपलेली ग्लॉसरी रद्दीत.

सगळ्यात शेवटी, जिथे जज प्रत्यक्ष हुकूम देतो, त्या भागाला 'फायो' म्हणतात. मशीन बिघडली तरी फायोच. ट्रान्सलेशनच्या सॉफ्टवेअरने तिथे ठळक अक्षरात 'फेल्युअर' असं हेडिंग देऊन ठेवलेलं, आणि रात्री दोन वाजता ते खोडायला माझा हात काही धजेना.