गंधार नापास

परवा माझ्या पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, गंधार (सारेगमधला ‘ग’) नापास झाला. परीक्षक होता एक मोबाईल.

रिटायर झाल्यावर छंद जोपासा, जुने मित्र गाठा, असं सांगणारे सगळे चाळिशीच्या आतले असतात. माळ्यावरून उतरवलेली पेटी काय प्रकरण असतं ते त्यांना ठाऊक नसतं. मुंबईच्या हवेत बंद राहिलेल्या पेटीला तीन दुखणी हमखास. पट्टी दाबली की वर येत नाही, कारण पावसाळ्यात लाकूड फुगून शेजारणीला घासतं. लोक तिथे तेल सोडतात. कृपा करून सोडू नका. तेलावर धूळ बसते आणि पट्टी कायमची चिकटते. घासणारी कड बारीक पॉलिश पेपरने हलकेच उतरवावी. दुसरं, एखादी पट्टी न दाबताच कोकलत राहते: स्प्रिंग मेली, नाहीतर भोक झाकणारं चामडं कसरीने खाल्लं. तिसरं, दाबूनही नुसता वारा. म्हणजे पितळी सुराच्या जिभेखाली कचरा. पातळ कागद जिभेखाली सरकवून अलगद ओढायचा. सुई घालायची नाही, जीभ वाकली की सूर गेला. भात्याची परीक्षा त्याहून सोपी: भरायचा, एकही पट्टी दाबायची नाही, भस्सकन बसला तर घडीत चीर आहे.

हे सगळं निस्तरून मी पेटी काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला, षड्ज (सा) धरून नैसर्गिक सुरांत लावून घेतली. जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, रिवेटजवळ खरवडलं की उतरतो, आणि खरवडलेलं पितळ परत भरता येत नाही. म्हणून दोन ओरखडे, वाजवून बघणं, पुन्हा दोन ओरखडे. असा लावलेला गंधार षड्जात विरघळतो. बाजारच्या पेटीतला विरघळत नाही, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात आणि त्या वाटणीत गंधार १४ सेंट चढा पडतो. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट, त्यातले १४. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली ती ‘हिला मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक सूर) येत नाहीत’ म्हणूनच, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. नैसर्गिक लावणीची गोम एवढीच की ती एकाच षड्जाला चालते. कुणी ‘काळी चार द्या’ म्हणालं की बोंब.

तर पेटी मुलुंडला मित्राकडे नेली. लोकलचा मालडबा, रिक्षा, बंद लिफ्ट; ते सोडा. कॉलेजपासून माझ्यासोबत वाजवणारा हा मित्र तबल्याचे गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, ठोकत बसला होता. गट्टा खाली गेला की वादी (चामड्याची दोरी) ताणते आणि सूर चढतो, पण जुलैत कातडं ओल पिऊन सैल पडतं, त्यामुळे दर दहा मिनिटांनी ठोकाठोक. मधल्या वेळात दोघांच्या शुगरच्या गप्पा.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले काका आले. चहाला बोलावलेले नव्हते, पण चहा घेतला. मग खिशातून मोबाईल काढून सूर तपासणारं ॲप उघडलं.

“जरा सा द्या.”

दिला.

“हिरवा! सा पास. पुढे?”

रिषभ पास. “गंधार द्या. अहो, लाल! १४ खाली आहे.”

“तो खालीच हवा, काका. मुद्दाम लावलाय.”

“मुद्दाम बेसूर?”

मी समजावू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं, जसा बँकेतला कारकून सही जुळत नाही म्हणून थांबवतो. “मध्यम पास. पंचम पास. धैवत... अरेरे, १६ खाली. निषाद १२. तीन विषय गेले तुमचे.”

आत कुकरची शिट्टी झाली. त्यांनी फोन तिकडे वळवला. हिरवी. “बघा!” म्हणाले.

मी आशेने मित्राकडे पाहिलं. यमन रागातल्या याच गंधारावर हा माणूस मैफलीत डोळे मिटून मान हलवायचा. तो म्हणाला, “अरे, मशीन कशाला खोटं बोलेल?”

हे मला अजून खुपतंय. ॲप त्याच बारा सारख्या तुकड्यांवर बेतलेलं आहे. त्याला तुमचा षड्ज कुठला हे विचारायची सोयही बहुतेक वेळा नसते, असली तर कुणी शोधत नाही. ज्याला तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या ‘सा’च्या) तारेतून आपसूक उमटणारा गंधार ऐकू येत नाही त्याने निकाल द्यायचा, आणि आयुष्यभर सुरात वाजवणाऱ्याने माना डोलवायच्या. या वयात मित्र परत मिळतात म्हणे. मिळतात, पण काकांसकट.

काका रंगात आले होते. म्हणाले, “आता तबला.” दायाँ (उजव्या हाताचा) वाजला, हिरवा आला, मित्र फुशारला. मग बायाँ, डाव्या हाताचा डग्गा. तळव्याने दाब देत मित्राने झकास घिस्सा, म्हणजे घसरता सूर, काढला. काटा खालून वर सैरावैरा पळाला. काकांनी फोन झटकला, पुन्हा धरला.

“यात नोटच नाही. गेला हा. बदलून घ्या.”

मित्राने हातोडी खाली ठेवली आणि विचारलं, “काका, चहा झाला ना तुमचा?”

“झाला. पण पुढच्या गुरुवारी येतो,” काका म्हणाले. “मेहुण्याकडे याहून भारी ॲप आहे.”