‘प्रामाणिक ग्राहकाला कुलपाचा त्रास नाही’ आणि इतर चार विधाने

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) कोणीही वाचावा, बदलावा आणि वाटावा असे सॉफ्टवेअर, ही गेल्या शतकातील एक भाबडी कल्पना होती, अशा अर्थाचा एक मजकूर सध्या बरेच जण एकमेकांना पाठवत आहेत. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: गाणी, चित्रपट, पुस्तके यांची नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपांचा प्रामाणिक ग्राहकाला त्रास होत नाही, ती नसती तर कलावंतांवर उपासमारीची पाळी आली असती, ज्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो ते सॉफ्टवेअर सुरक्षित असू शकत नाही, मोठ्या कंपन्यांनीच ओपन सोर्स स्वीकारल्यामुळे जुने भांडण आता मिटले आहे, आणि इतक्या प्रभावी माध्यमावर सरकारचे नियंत्रण थेट उपकरणापर्यंत असणेच हिताचे आहे. मजकूर सफाईदार आहे, त्यातील एक-दोन गोष्टी खऱ्याही आहेत, आणि म्हणूनच त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिल्या विधानावर मी अधिक वेळ घालवणार आहे, कारण बाकीची विधाने त्याच्याच आधाराने उभी आहेत. डीआरएम या नावाने ओळखले जाणारे कुलूप कसे चालते, हे आधी पाहू. एरवी कूटबद्ध संदेशात तीन पक्ष असतात: पाठवणारा, घेणारा आणि मध्येच कान लावून बसलेला तिऱ्हाईत. किल्ली पहिल्या दोघांकडे असते आणि तिसऱ्यापासून ती लपवायची असते. डिजिटल कुलपात मात्र घेणारा आणि तिऱ्हाईत ही एकच व्यक्ती मानलेली असते. ग्राहकाला चित्रपट दिसायचा असेल तर किल्ली त्याच्याच यंत्रात असावी लागते, आणि तरीही ती त्याच्या हाती लागू नये अशी अपेक्षा असते. याचा अर्थ असा की, त्या यंत्रातील प्रोग्रामने आपल्या मालकापासून काहीतरी लपवले पाहिजे आणि मालकाला तो प्रोग्राम बदलता येता कामा नये. ज्या प्लेअरचा कोड मालक वाचू आणि बदलू शकतो, त्यातील कुलपाचा भाग तो काढून टाकू शकतो. म्हणून हे कुलूप आणि ओपन सोर्स प्लेअर एकत्र नांदू शकत नाहीत. यात आदर्शवादाचा प्रश्नच नाही, रचनेतच तसे आहे. प्लेअर कोणी बनवावा हे ठरवण्याचा अधिकार कुलूप लावणाऱ्याकडे जातो तो याच वाटेने.

डीव्हीडीच्या बाबतीत नेमके हेच घडले. सीएसएस नावाच्या कुलपाच्या किल्ल्या केवळ परवाना घेतलेल्या उत्पादकांना मिळत, आणि १९९९ साली लिनक्स ही ओपन सोर्स संगणकप्रणाली वापरणाऱ्याने पूर्ण पैसे मोजून घेतलेली डीव्हीडी त्याच्या संगणकावर चालत नसे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते कुलूप उघडणारा डीसीएसएस हा छोटासा प्रोग्राम बाहेर आला. तो लिहिणाऱ्यांपैकी योन लेक योहानसेन हा नॉर्वेतील मुलगा तेव्हा १५ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला, जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, आणि सरकारी पक्षाने अपील केल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा निर्दोष ठरला. स्वतःच्या मालकीची डीव्हीडी पाहण्यासाठी कुलूप उघडणे हा गुन्हा नाही, असे न्यायालयांचे मत पडले. अमेरिकेत मात्र तोच प्रोग्राम प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकाविरुद्ध २००० साली मनाई हुकूम निघाला आणि वरच्या न्यायालयात तो टिकला. हा वाद सुरू असताना डीव्हीडीच्या हुबेहूब प्रती छापून विकणाऱ्या टोळ्यांना सीएसएसची अडचण नव्हती, कारण कूटबद्ध चकती जशीच्या तशी उतरवून घेतली की ती परवानाधारक प्लेअरवर चालतेच. अडला तो विकत घेणारा.

दुसरे उदाहरण २००५ सालचे. सोनी बीएमजीने आपल्या काही संगीत सीडींमध्ये एक्ससीपी नावाचे कॉपीविरोधी सॉफ्टवेअर घातले होते. सीडी संगणकात घालताच ते विंडोजमध्ये शिरून स्वतःच्या फाइली लपवत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ऑक्टोबरच्या अखेरीस ते उघडकीस आणले, थोड्याच दिवसांत इतर घातक प्रोग्रामांनी त्याच लपण्याच्या जागेचा फायदा घेतला, आणि कंपनीला त्या सीडी परत बोलवाव्या लागल्या. ज्याने गाणी फुकट उतरवून घेतली त्याचा संगणक सुरक्षित राहिला, ज्याने दुकानात जाऊन सीडी घेतली त्याचा नाही. (त्याच सॉफ्टवेअरमध्ये लेम या ओपन सोर्स एमपीथ्री प्रकल्पाचा कोड परवान्याच्या अटी न पाळता वापरल्याचेही आढळले. कॉपीराइटच्या रक्षणासाठी कॉपीराइटचाच भंग, यावर अधिक काही लिहायची गरज नाही.)

आणि ‘विकत घेणे’ या शब्दाचे काय होते, हेही पाहू. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले. जुलैपासून लोकांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली, कारण ती उघडण्याची परवानगी देणारे सर्व्हर बंद होणार होते. कंपनीने पैसे परत केले आणि ज्यांनी पुस्तकांत टिपणे केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले, हे सांगितलेच पाहिजे. अनेक कंपन्या एवढेही करत नाहीत. तरीही समासातील टिपणांची किंमत विकणाऱ्याने ठरवावी आणि पुस्तक वाचकाच्या हातून काढून घ्यावे, हा व्यवहार विक्रीचा नव्हे. कॅलिफोर्नियाने २०२४ साली कायदा करून, केवळ परवाना देत असताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल तर तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. कायदा करावा लागला, यातच काय ते आले.

कुलपांमुळे कलावंतांच्या पोटाला मिळते, हे दुसरे विधान. इथे सर्वांत ठोस पुरावा संगीताचा आहे, कारण तिथे प्रयोग होऊन गेला आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये अॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आकडे मांडले: २००६ साली ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी २०० कोटींहून कमी विकली गेली, तर संगीत कंपन्यांनी स्वतःच सीडींवर विनाकुलूप विकलेली गाणी २,००० कोटींहून अधिक होती. एका खिडकीला गज लावून बाकी दहा दारे सताड उघडी ठेवण्याचा हा प्रकार होता. त्याच वर्षी ईएमआय या संगीत कंपनीने कुलूप काढले, अॅमेझॉनने विनाकुलूप एमपीथ्री विकायला सुरुवात केली, आणि जानेवारी २००९ मध्ये अॅपलच्या आयट्यून्स या दुकानातील चारही मोठ्या संगीत कंपन्यांची गाणी कुलूपमुक्त करण्याची घोषणा झाली. त्यामुळे संगीतव्यवसाय बुडाला नाही. सीडीची विक्री आधीपासूनच घसरत होती आणि पुढेही घसरली. नंतर जी वाढ झाली ती सदस्यत्वावर चालणाऱ्या सेवांमुळे. त्या सेवांमध्ये कुलूप आहे, हे प्रतिपक्षाचे उत्तर मला मान्य आहे. मात्र भाड्याच्या वस्तूला मालकाचे कुलूप असणे आणि विकलेल्या वस्तूला विक्रेत्याचे कुलूप असणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत, आणि सदस्य तिथे पैसे मोजतो ते सोयीसाठी.

तिसऱ्या विधानाला फार वेळ लागणार नाही. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहोफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले. गुपचूप बनवलेले सीएसएस केवळ ४० बिटांच्या किल्लीवर उभे होते आणि काही वर्षांतच कोसळले. प्लेअरकडून टीव्हीच्या पडद्याकडे जाणाऱ्या चित्राला लावलेल्या एचडीसीपी या कुलपाची मूळ किल्ली २०१० साली जगजाहीर झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. कोड उघडा असला की तो आपोआप सुरक्षित होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. ओपनएसएसएल या वेबवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स सुरक्षा-सॉफ्टवेअरमधील २०१४ च्या हार्टब्लीड दोषाने दाखवले की, सगळे वापरतात पण वाचत कोणी नाही, अशीही अवस्था असू शकते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात विश्वास संपादन करून मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. तो आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडला, कारण लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे त्यांना खटकले आणि ते मुळापर्यंत जाऊ शकले. हातात बंद सॉफ्टवेअर असते तर त्यांचा शोध तक्रार नोंदवण्यापाशीच अडला असता.

चौथे विधान सर्वांत फसवे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. लिनक्सचा मोठा भाग आज कंपन्यांच्या पगारावर असलेले लोक लिहितात. २०१५ साली गूगल, अॅमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, सिस्को आणि मोझिला यांनी एकत्र येऊन संघटना स्थापन केली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा रॉयल्टीमुक्त व्हिडिओ फॉरमॅट दिला. त्याचा अत्यंत वेगवान डिकोडर, म्हणजे आवळलेले चित्र पुन्हा उलगडणारा प्रोग्राम, व्हीएलसी प्लेअरमागच्या व्हिडिओलॅन या मंडळींनी लिहिला. हे सहकार्य खरेखुरे आहे. पण याच कंपन्या स्वीकार कुठे थांबवतात ते पाहा. चित्र कसे आवळायचे याची पद्धत खुली आहे. ते कोणाला आणि कोणत्या यंत्रावर दाखवायचे हे ठरवणारा भाग, उदाहरणार्थ गूगलचे वाइडवाइन, बंद आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये वेबचे मापदंड ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने अशा बंद भागांसाठी ब्राउझरमध्ये जागा करून देणाऱ्या ईएमई या प्रस्तावाला मान्यता दिली. मतदानात १०८ सदस्य बाजूने, ५७ विरोधात आणि २० तटस्थ होते. सुरक्षासंशोधकांवर खटले भरणार नाही एवढे तरी आश्वासन सदस्यांनी द्यावे, ही तडजोडीची मागणीही फेटाळली गेल्यावर डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने संस्थेचा राजीनामा दिला. परिणाम असा की, आज नवा ब्राउझर लिहिणाऱ्याने सारा कोड उघडा ठेवला तरी मोठ्या चित्रपट-सेवा त्यावर चालाव्यात म्हणून त्याला आपल्याच प्रतिस्पर्ध्याकडून बंद तुकडा मागावा लागतो. भांडण मिटलेले नाही. ते एका थराने खाली सरकले आहे. टिव्हो या ध्वनिचित्रमुद्रकाने तर लिनक्सचा कोड परवान्याप्रमाणे दिला, पण बदललेला कोड त्याच यंत्रावर चालू दिला नाही, आणि लिनक्स ज्या परवान्याखाली दिले जाते त्या जीपीएलच्या २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीत त्याविरुद्ध कलम घालावे लागले. लिनक्सचा गाभा मात्र आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे.

राहिले सरकार. कायदा मोडणाऱ्याला न्यायालयात खेचणे हे सरकारचे काम आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो यंत्र विकले जाण्यापूर्वीच त्यात हुकूम बसवण्याचा. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने नोव्हेंबर २००३ मध्ये ‘ब्रॉडकास्ट फ्लॅग’चा नियम केला: जुलै २००५ नंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डिजिटल टीव्ही ग्रहणयंत्राने प्रक्षेपणातील एक खूण ओळखून मुद्रणावर मर्यादा घालावी आणि वापरणाऱ्याला ती व्यवस्था सहज बदलता येऊ नये. या दुसऱ्या अटीमुळे ओपन सोर्स ग्रहणयंत्र आपोआप नियमबाह्य ठरले असते, मग ते बनवणाऱ्याने कधी एकही कार्यक्रम चोरला नसला तरी. प्रक्षेपण घेऊन झाल्यावर यंत्र काय करते यावर आयोगाचा अधिकारच नाही, असे सांगून न्यायालयाने मे २००५ मध्ये तो नियम रद्द केला.

जो कायदा टिकला तो १९९८ चा डीएमसीए, म्हणजे अमेरिकेचा डिजिटल कॉपीराइट कायदा. त्याच्या १२०१ व्या कलमाने कुलूप उघडणे हाच स्वतंत्र अपराध केला, आतल्या वस्तूवर तुमचा हक्क असो वा नसो. त्याला अपवाद दर तीन वर्षांनी अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) ग्रंथालयामार्फत मागावे लागतात, आणि कुलूपबंद ई-पुस्तक आवाजात ऐकता यावे म्हणून अंध वाचकांच्या वतीने ही मागणी पुन्हा पुन्हा केली गेली आहे. ती मान्य झाली तरी मिळते ती फक्त स्वतः कुलूप उघडण्याची मुभा. ते उघडणारा प्रोग्राम लिहून अशा वाचकांना वाटायला परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने त्या ग्रंथालयालाही दिलेला नाही.