राग कोरोनाच्या कितीतरी आधीचा आहे

‘ऑस्ट्रेलियात आशियाई लोकांविषयीचा राग कोरोनानंतर सुरू झाला’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं आणि त्याच वर्षी संसदेने स्थलांतरबंदीचा कायदा केला. नको असलेल्या, म्हणजे मुख्यतः आशियाई, माणसाला अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचं शुद्धलेखन घालायचा; चुकला की परत पाठवणी. ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती! खासदार पॉलिन हॅन्सन यांनी आशियाई लोंढ्याची भीती घातली ती १९९६ मध्ये, संसदेतल्या पहिल्याच भाषणात. तेव्हा कुठे होता कोरोना?

मी २००९ मध्ये मेलबर्नला शिकत होतो. भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले चालू होते. रात्रीच्या ट्रेनमध्ये आईचा फोन आला की मी कट करायचो, डब्यात मराठी ऐकू जायला नको म्हणून. “का रे उचलत नाहीस?” या तिच्या प्रश्नाला खरं उत्तर आजतागायत दिलेलं नाही. पण शेजारच्या, स्वतः ग्रीसमधून आलेल्या आजी मी घरी पोचेपर्यंत ओसरीवरचा दिवा चालू ठेवायच्या, हेही तितकंच खरं. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले ६ लाख ७३ हजार निघाले, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडच्या खालोखाल. त्यामुळेच ३१ ऑगस्ट २०२५ च्या स्थलांतरविरोधी मोर्चांच्या पत्रकात नेमकं भारतीयांचं नाव होतं. लेखात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटलं.