खुलासा : उत्तर ध्रुवाचा बर्फ आणि समुद्राची पातळी
‘उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळला की समुद्र चढेल आणि मुंबई बुडेल’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. काळजी रास्त आहे, कारण मात्र चुकीचे दिले आहे.

उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. तिथला बर्फ म्हणजे आर्क्टिक महासागराचे गोठून तरंगणारे पाणी. पेल्यातला बर्फ विरघळला म्हणून सरबत सांडत नाही, तशीच या बर्फाने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. (नुकसान होतेच : पांढरा बर्फ गेला की खालचा गडद समुद्र जास्त उष्णता शोषतो.)

पातळी वाढते ती समुद्राचे पाणी तापून प्रसरण पावल्याने आणि जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्याने. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर सुमारे ७ मीटर, अंटार्क्टिकाचा वितळला तर जवळपास ५८ मीटर. त्याला शतकेच काय, सहस्रके लागतील. पण त्यातला लहानसा भागही आपल्या किनारपट्टीला भारी पडेल.

शाळेत दोन्ही ध्रुव ‘बर्फाळ प्रदेश’ म्हणून एका ओळीत उरकणे मला फार खटकते. अंटार्क्टिकावरच्या मैत्री आणि भारती या भारतीय स्थानकांचा कारभार पाहणारे संशोधन केंद्र तर गोव्यात, वास्कोला आहे.