थांब्यावर गाडी लावणाऱ्यांनो, जरा वाचा

आज बसमधून उतरताना एक आजी भर रस्त्यात पडता पडता वाचल्या. थांब्यावर कुणीतरी आपली मोठी गाडी लावून निघून गेलं होतं, त्यामुळे बस मधल्या लेनमध्येच उभी राहिली. आजींनी एक पाय खाली टाकला, मागून हॉर्न. दुसरा टाकला, पुन्हा हॉर्न. वाजवणाऱ्या गाडीत एकच माणूस. मी आजींचा हात धरला, तर त्याच म्हणाल्या, "माझ्यामुळे सगळे खोळंबले."

त्यांच्यामुळे? तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय.

एका बसमध्ये पन्नास माणसं सहज मावतात आणि ती बस दोन-तीन गाड्यांएवढी जागा घेते. तीच माणसं एकेकटी गाडी घेऊन निघाली की चौक तुंबतो. आणि मग ओरड काय, तर रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा! अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून झाला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन. काही वर्षांत तिथं पुन्हा गर्दीच्या वेळी रांगा. रस्ता वाढला की गाड्या वाढतात, हे अजून किती वेळा बघायचं आहे आपल्याला?

हो, गाडी लागते काहींना. घरात आजारी माणूस असतं, रात्री उशिरा परतायचं असतं. मान्य. बस वेळेवर येत नाही, हेही मान्य. पण का येत नाही? ती या गाड्यांच्याच मागे अडकलेली असते! आणि त्या आजी मात्र स्वतःला दोष देत होत्या. ते काही केल्या मनातून जात नाहीये.

हॉर्न वाजवणाऱ्यावर मगाशी होता तेवढा राग आता राहिला नाही. तोही दमून घरी निघाला असेल. भरवशाची बस मिळाली असती तर कदाचित तोही आमच्या शेजारी उभा असता. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये २००६ साली शहरात गाडी आणण्यावर शुल्क लावून बघितलं, तेव्हा आधी लोकांचा विरोधच होता. पण रस्ते मोकळे झालेले दिसले आणि त्याच शहरानं मतदान करून ते शुल्क ठेवून घेतलं. माणसं बदलतात, त्यांना आधी फरक दिसावा लागतो.

पण बससाठी वेगळी लेन म्हटलं की लगेच "आमचा रस्ता जातो". तुमचा कधी झाला तो? बसमधले पन्नास जण कर भरत नाहीत का? मला मोठमोठे प्रकल्प नकोत. बसला तिची लेन द्या, ती राखायला माणूस ठेवा आणि थांब्यावर लावलेली गाडी, कुणाचीही असो, उचलून न्या. हे उद्यापासून करता येण्यासारखं आहे.