लोहगावची विमानं सापडली, शेतं कुठं गेली?

पटलं नाही तर खुशाल भांडा, पण बोलतोच. दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्याकडच्या विमानतळांवर हल्ली बरंच लिहिलं जातं. पुण्याचं लोहगाव म्हटलं की 1939 साली मुंबईच्या संरक्षणासाठी तळ उभा राहिला, मग वेलिंग्टन, मॉस्किटो, स्पिटफायर ही विमानं… आणि लेख संपला. ही यादी झाली. प्रादेशिक इतिहास म्हणता, मग त्यात प्रदेश कुठाय?

विमानांची माहिती मिळते हो. लंडनच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘एअर 27’ मालिकेत स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आहेत. फॉर्म 540 म्हणजे रोजचा गोषवारा. 541 मध्ये विमानाचा नंबर, कोण उडालं, किती वाजता उतरलं. साहेब शिस्तीचा. पण धावपट्टीसाठी खडी फोडणारी बाई त्यात कशाला येईल? किंवा ज्याची बाजरीची पट्टी तळात गेली तो?

त्याला शोधायचं तर तहसीलची रेकॉर्ड रूम. जुना सातबारा काढा, त्यावरचे फेरफार नंबर उतरवून घ्या आणि ती पानं मागा. मोडी येत असेल तर निम्मं काम झालं. कागदाचा भुगा हाताला लागतो, क्लार्क ‘उद्या या’ म्हणतो, आणि मग एखाद्या पानावर दिसतं: कब्जेदाराच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी केलेलं, आणि खाली ‘सरकार’. एका घराचं युद्ध त्या कंसात असतं. माझ्या लेखी हा कागद स्पिटफायरच्या फोटोपेक्षा मोलाचा.

दुसरं, दंतकथा. ‘आमच्या रानात जपान्यांचं विमान पडलं होतं’ हे गावोगाव ऐकू येतं. जपान्यांनी 6 एप्रिल 1942 ला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले, डिसेंबरात कलकत्त्यावर. दख्खनपर्यंत त्यांची विमानं आलीच नाहीत. म्हणून काय आजोबांना हसायचं? विमान पडलेलं असू शकतं, फक्त ते इंग्रजांचं. सरावात पडलेली विमानं काय कमी होती! खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जा. पश्चिम आणि मध्य भारतातल्या विखुरलेल्या कबरी तिथे आणल्या आहेत. आरएएफचं, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचं, गरुडाचं चिन्ह आणि एकच तारीख असलेल्या शिळा ओळीने दिसल्या की बहुधा एका विमानातली माणसं समजायची. ती तारीख घेऊन लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ म्युझियमकडची अपघाताची कार्डं, फॉर्म 1180, तपासायची. कधीकधी आजोबांचा ओढा आणि कार्डावरचं ठिकाण जुळतं. (हिंदू वैमानिकाचं दहन व्हायचं, त्यामुळे त्याची शिळा तिथे शोधू नका.)

वीरगाथा नकोत असं नाही. ब्रह्मदेश आघाडीवर लढलेले आणि 1976 मध्ये वायुसेनाप्रमुख झालेले हृषिकेश मुळगावकर यांच्यावर लिहाच. पण ते कागदात आहेत, उद्याही सापडतील. 1943 साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदी ओलांडून बसलंय. त्यांच्याकडे आधी जा. ‘विमानं दिसायची का?’ एवढंच विचारून परत येऊ नका. मजुरी रोज मिळायची की हप्त्याला? खडी कुठल्या खाणीतली? बैलगाडीला भाडं कोण द्यायचं, मुकादम कुठल्या गावचा? आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा.